पापण्यांची शस्त्रक्रिया करायची आहे: आधी काय काय तपासून घ्यावं?

मृद्गंधा (ठाणे)

नमस्कार मंडळी. माझं वय ५७. दोन्ही वरच्या पापण्यांवरची कातडी गेल्या काही वर्षांत इतकी सैल झाली आहे की बाहेरच्या कोपऱ्यात ती थेट पापणीच्या केसांवर टेकते. संध्याकाळ झाली की कपाळ दुखतं. मुलगी म्हणते, आई, तू सतत भुवया वर ओढून बघतेस. शिवणकामात सुई ओवताना मान मागे टाकावी लागते आणि रस्ता ओलांडताना बाजूने येणारी रिक्षा उशिरा दिसते.

दोन ठिकाणी दाखवलं. एका कॉस्मेटिक क्लिनिकमध्ये पंधरा मिनिटांत सांगितलं, "वरच्या-खालच्या चारही पापण्या एकाच दिवशी करून टाकू, पॅकेजमध्ये स्वस्त पडेल." माझी खालच्या पापण्यांबद्दल काही तक्रारच नव्हती. दुसरीकडे डोळ्यांच्या डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या लिहून दिल्या आणि "भुवयांचंही बघायला लागेल" एवढंच म्हणाले. गर्दी होती, मला पुढे विचारता आलं नाही.

शस्त्रक्रिया करायची हे माझ्या मनात जवळजवळ ठरलं आहे. पण आधी काय विचारायचं, काय तपासून घ्यायचं, कोणाकडे जायचं, हे नीट समजून घ्यायचंय. ज्यांनी करून घेतली आहे किंवा ज्यांना यातलं कळतं, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अरुंधती

ताई, स्पष्ट बोलते, राग मानू नका. वय झालं की चेहरा बदलणारच. आपल्या आयांच्या पापण्या नाही का लोंबल्या? डोळ्यासारख्या नाजूक जागी सुरी लावून घ्यायची गरज आहे का, एवढा एकच विचार आधी करा.

मृद्गंधा

राग कशाला? हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला. पण कपाळ दुखतं आणि बाजूचं दिसत नाही, हे नुसतं दिसण्याचं दुखणं नाही ना. आणि समजा एखादीला केवळ आरशात बरं वाटावं म्हणून करायची असेल, तरी तिनेही नीट माहिती घेऊनच करावी. त्यासाठीच धागा काढलाय.

दृष्टिक्षेप (पुणे)

मी नेत्रतज्ज्ञ आहे. पापण्या, अश्रुमार्ग आणि डोळ्यांच्या खोबणीच्या शस्त्रक्रिया, म्हणजे ऑक्युलोप्लास्टी, हेच माझं रोजचं काम. इथे कोणाचं निदान करणार नाही, ते न तपासता होत नाही. पण तुमच्या डॉक्टरांनी भुवयांचा विषय का काढला असेल ते सांगतो.

"पापणी जड झाली, खाली आली" या तक्रारीमागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे. एक, कातडी सैल होऊन पापणीवर ओघळते. पापणीची कड जागेवरच असते, वरून पडदा आलेला असतो. दोन, पापणीची कडच खाली आलेली असते. याला टोसिस म्हणतात. पापणी उचलणाऱ्या लेव्हेटर नावाच्या स्नायूचा पातळ पट्टा वयाने ताणला जातो किंवा आपल्या जागेवरून सुटतो. वर्षानुवर्षं कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही हे दिसतं. तीन, भुवईच घसरून हाडाच्या कडेखाली आलेली असते आणि ती आपल्याबरोबर कातडी खाली ढकलते. बऱ्याच जणांत यातल्या दोन गोष्टी एकत्र असतात, कधी तिन्हीही.

आता हे ओळखलं नाही तर काय होतं? टोसिस असताना नुसती कातडी कापली, तर घडी सुबक होते पण डोळा तितकाच अर्धवट मिटलेला राहतो. भुवई घसरलेली असताना कातडी कापली, तर भुवई आणखी खाली ओढली जाते आणि चेहरा कायम रागावल्यासारखा दिसतो. शिवाय तुम्ही आज जे कपाळ ताणून बघता, ते पडदा हटल्यावर आपोआप सैल पडतं आणि मग भुवईची खरी जागा कळते. म्हणून तपासताना डॉक्टर भुवया अंगठ्याने स्थिर धरून पाहतात.

टोसिस मोजायला टॉर्च आणि मिलिमीटरची पट्टी पुरते. समोर धरलेल्या टॉर्चचा ठिपका बाहुलीच्या मध्यावर चमकतो. तिथपासून वरच्या पापणीच्या कडेपर्यंतचं अंतर साधारण ४ ते ५ मिमी असतं. ते २ मिमी किंवा त्याहून कमी भरलं तर पापणी चांगलीच उतरली आहे. ज्या ठिकाणी कोणी पट्टी हातातही धरली नाही आणि थेट तारीख दिली, तिथे मी माझ्या घरच्यांना पाठवणार नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पापणी ही डोळ्याच्या काचेवरचा वायपर आहे. दर मिटण्याला ती अश्रूंचा थर बुबुळावर सारखा पसरवते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळा मिटण्याचा जोर कमी असतो, कधी फट राहते. ज्याचे डोळे मुळात कोरडे आहेत त्याला हे सोसत नाही. त्यामुळे चेहऱ्याचे फोटो काढण्याआधी डोळ्याची तपासणी व्हायला हवी: शर्मर टेस्ट (पापणीत कागदाची पट्टी अडकवून अश्रू मोजतात ती), स्लिट लॅम्प या सूक्ष्मदर्शकाखाली बुबुळाचा पृष्ठभाग, आणि डोळा मिटताना बुबुळ वर फिरतं की नाही हे पाहणं. या वर फिरण्याला बेल्स फिनॉमेनन म्हणतात. झोपेत पापणीला फट राहिली तरी त्यामुळे बुबुळ झाकलेलं राहतं. ज्यांच्यात ते होत नाही, त्यांच्यात कातडी अगदी जपून काढावी लागते.

शर्वरी_क (नाशिक)

वरच्या डॉक्टरांचा शेवटचा परिच्छेद प्रत्येकाने दोनदा वाचावा.

मी ४६ व्या वर्षी वरच्या पापण्या करून घेतल्या. माझं आधी लॅसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायची लेसर शस्त्रक्रिया, झालेलं होतं. क्लिनिकच्या फॉर्मवर मधुमेह, बीपी, अ‍ॅलर्जी सगळं विचारलं होतं, लॅसिकचा रकाना नव्हता. अश्रूंची कुठलीही तपासणी झाली नाही. घडी फार छान आली, टाक्यांची खूण आज शोधूनही सापडत नाही. पण सकाळी उठलं की डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं, एसीत बसलं की पाणी वाहायचं, स्क्रीनवरची अक्षरं पुसट व्हायची. पाणी वाहतंय म्हणजे डोळे कोरडे कसे, असं मी त्या क्लिनिकला विचारलं, तर "सवय होईल" म्हणाले. शेवटी वेगळ्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितलं की बुबुळ सुकलं की डोळा चिडून पाणी सोडतो, ते पाणी डोळ्याला धरून राहत नाही. रात्री जेल आणि दिवसा प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स सुरू केले. बरंच आटोक्यात आलं, पण ड्रॉप्सची बाटली पर्समधून गेलेली नाही.

लॅसिक झालेलं असेल तर न विचारताही सांगा. थायरॉइड, संधिवात, अ‍ॅलर्जीच्या गोळ्या, डिप्रेशनच्या गोळ्या, सगळं सांगा. यातल्या बऱ्याच गोष्टी डोळे कोरडे करतात हे मला नंतर कळलं.

दृष्टिक्षेप

शर्वरीताई, नेमकं लिहिलंत. लॅसिकमध्ये बुबुळाच्या संवेदना नेणाऱ्या नसा कापल्या जातात, त्यामुळे काही महिने डोळा कोरडा राहतो. त्यानंतर निदान ६ महिने पापणीला हात लावू नये आणि नंतरही अश्रू मोजूनच ठरवावं.

थायरॉइडचं वेगळं सांगतो. थायरॉइडमुळे डोळे बटबटीत होऊन पापण्या सुजल्या असतील, तर डोळ्यांचा आजार किमान ६ महिने स्थिर असल्याशिवाय पापण्यांची शस्त्रक्रिया करत नाहीत. आणि खोबणीची किंवा तिरळेपणाची शस्त्रक्रिया लागणार असेल तर ती आधी, पापणी सर्वात शेवटी. क्रम उलटा झाला तर केलेलं काम पुन्हा करावं लागतं.

संहितावाचक

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पक्ष्मकोपावर, म्हणजे पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचतात त्या विकारावर, अशीच शस्त्रक्रिया सांगितली आहे. भुवईखाली दोन भाग सोडायचे, पापणीच्या केसांकडे एक भाग सोडायचा आणि मधली कातडी यवाच्या, म्हणजे जवाच्या, दाण्याच्या आकारात आडवी कापून काढायची. मग केसाने शिवायचं, वर मध आणि तूप. पापणीच्या शस्त्रक्रियेला आज ब्लेफरोप्लास्टी म्हणतात; युरोपात हा शब्द कार्ल फॉन ग्रेफे या जर्मन सर्जनने १८१८ साली वापरला, तोही पापणी नव्याने घडवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी. दोन्हीकडे मूळ हेतू डोळा वाचवण्याचा होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दृष्टिक्षेप

सुंदर. "किती सोडायचं" हे आधी सांगणारा तो पाठ आजही तसाच लागू आहे. आम्हीसुद्धा भुवईच्या खालच्या कडेपासून पापणीच्या केसांपर्यंत साधारण २० मिमी कातडी मागे राहील असं बघतो. त्याहून कमी ठेवली तर डोळा मिटत नाही. खुणा रुग्ण ताठ बसलेला असताना, भूल देण्याआधी करायच्या. आडवं झालं की कातडी कानाकडे सरकते आणि माप चुकतं.

चरबीचंही तसंच. वरच्या पापणीत नाकाकडे पांढुरकी आणि मध्ये पिवळी अशा चरबीच्या दोन गाठोड्या असतात. बाहेरच्या बाजूला जी गुलाबी-करडी गाठ दिसते ती चरबी नसते, ती अश्रुग्रंथी असते. तिला धक्का लागता कामा नये. पूर्वी चरबी सढळ हाताने काढायचे. पुढे वयाबरोबर डोळे खोल गेलेले, हाडाची कड उघडी पडलेली दिसायची. काढलेली चरबी परत येत नाही. म्हणून आता वरच्या पापणीत ती जेमतेम काढतात आणि खालच्या पापणीत बऱ्याचदा काढण्याऐवजी खळग्यात सरकवून बसवतात.

सानिका२५

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी २५ वर्षांची. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत, शाळेपासूनच. डिसेंबरमध्ये लग्न आहे. एका क्लिनिकमध्ये "खालच्या पापण्यांची सर्जरी केली की वर्तुळं जातील" असं सांगितलंय. सासूबाईंच्या बहिणीनेही साखरपुड्यात वर्तुळांचा विषय काढला होता, तेव्हापासून आईचा घोशा चाललाय. करू का?

दृष्टिक्षेप

सानिका, तुमच्या वर्णनावरून आणि वयावरून तरी मी थांबायला सांगेन. आपल्याकडे डोळ्यांखालचा काळेपणा बहुतेक वेळा कातडीतल्या रंगद्रव्याचा असतो आणि तो घराण्यात चालत आलेला असतो. सुरीने रंग जात नाही. उलट आपल्या सावळ्या कातडीत टाक्यांच्या जागी काही महिने जास्त काळेपणा राहू शकतो. पिशवीची सावली पडून दिसणारा काळेपणा वेगळा. तो ओळखायला आरशासमोर उभं राहून हनुवटी वर करा आणि समोरून भरपूर उजेड घ्या. सावली असेल तर ती फिकी होते, रंग असेल तर जागचा हलत नाही. अर्थात हा नुसता अंदाज, निदान त्वचारोगतज्ज्ञांकडूनच घ्या. अ‍ॅलर्जीने डोळे चोळायची सवय असेल तर तिच्यावर उपचार केल्यानेही फरक पडतो.

खळगा भरायला फिलर, म्हणजे कातडीखाली टोचायचं जेल, सुचवतील. पातळ कातडीखाली हायल्युरोनिक फिलर वर बसलं तर निळसर झाक दिसते. आणि ते चुकून रक्तवाहिनीत गेलं तर दृष्टी जाऊ शकते. असं क्वचितच घडतं, पण घडलेलं आहे. लग्नाची तारीख समोर ठेवून यातलं काहीही घाईने करू नका.

अरुंधती

सानिका बाळा, डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू सांगितली, मी दुसरी सांगते. ज्या बाईने साखरपुड्यात तुझ्या डोळ्यांखाली बघितलं, तिच्यासाठी तू भूल घेऊ नकोस. आईला हा धागा वाचायला दे.

राधिका_म (पुणे)

हे मुद्दाम लिहितेय, कारण आमच्या घरात घडलंय. माझी धाकटी जाऊ, वय ३४. तिची डावी पापणी खाली यायला लागली. सकाळी ठीक, दुपारनंतर जड, रात्री निम्मा डोळा झाकलेला. एका ठिकाणी तिला ब्लेफरोप्लास्टीची तारीखही मिळाली होती. त्याच आठवड्यात ती म्हणाली, टीव्हीवर कधी कधी दोन दोन दिसतात. मग नेत्रतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी तिला एकटक वर बघायला लावलं. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो, पापणी हळूहळू उतरत गेली. मग त्यावर दोन मिनिटं बर्फाची पिशवी धरली आणि पापणी वर आली. त्यांनी लगेच न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. रक्ताच्या तपासणीत मायस्थेनिया ग्रेव्हिस निघाला. आता गोळ्यांवर ती बरी आहे, पापणीला सुरी लावावी लागली नाही.

दृष्टिक्षेप

राधिकाताई, तुमच्या जाऊबाईंचं वेळेत कळलं याचं फार बरं वाटलं. दिवसभरात कमी-जास्त होणारी पापणी आणि दोन दोन दिसणं, हे मायस्थेनियाचं जवळजवळ बोट दाखवणारं लक्षण आहे. या आजारात नसेचा संदेश स्नायूपर्यंत नीट पोचत नाही. पुढे तो गिळण्याच्या आणि श्वासाच्या स्नायूंवरही जाऊ शकतो, म्हणून निदान महत्त्वाचं.

याला जोडून एक इशारा. पापणी अचानक, एक-दोन दिवसांत पडली, सोबत डोकं जोरात दुखतंय, दोन दिसतंय किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी झाली आहे, तर कुठल्याही कॉस्मेटिक सल्ल्याची वाट न बघता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा नसेवर दाबतोय का, ते तातडीने बघावं लागतं.

विमावाला_निखिल

खर्चाचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. आरोग्य विम्याच्या पॉलिसींत आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने ठरवून दिलेली एक प्रमाणित वगळणूक असते, तिचा कोड एक्स्क्ल ०८. दिसणं बदलण्यासाठी केलेली कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी विम्यात बसत नाही. अपवाद दोन: अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना, आणि थेट, तातडीचा आरोग्यधोका दूर करायला वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक असलेली शस्त्रक्रिया. ही आवश्यकता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित करावी लागते. "पापणीमुळे दिसत नाही" एवढ्यावर दावा मंजूर होईलच असं अजिबात धरून चालू नका. कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्या.

जीएसटीचंही विचारा. रुग्णसेवेला एरवी जीएसटी नसतो, पण कॉस्मेटिक सर्जरी त्या सवलतीत येत नाही. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष किंवा इजा यांसाठी केलेली पुनर्रचना सवलतीत येते. बाकीच्यांना १८ टक्के धरायचे. तोंडी सांगितलेल्या आकड्यात कर, ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि पुढच्या भेटी आहेत की नाहीत, हे कागदावर घ्या. आणि दुरुस्तीची वेळ आली तर पैसे कोणी भरायचे, तेही.

अनिकेत_न्यूजर्सी

इथला अनुभव. सासूबाई आमच्याकडेच राहतात, मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) आहे. त्यांच्या पापण्यांचं झालं तेव्हा आधी व्हिज्युअल फील्ड टेस्ट (समोर बघताना वर-खाली, आजूबाजूला कुठवर दिसतं ते मोजणारी) दोनदा केली: एकदा पापणी जशी आहे तशी आणि एकदा चिकटपट्टीने वर उचलून. दोन्हींतला फरक आणि समोरून-बाजूने काढलेले फोटो जोडून अर्ज गेला, मग मंजुरी आली. नुसतं दिसण्यासाठी असतं तर एक डॉलरही मिळाला नसता.

इथे डॉक्टरांनी आधी ऑक्सिमेटाझोलिनच्या थेंबांचंही सांगितलं होतं. २०२० पासून अमेरिकेत ते टोसिससाठी मान्य आहेत. दिवसातून एक थेंब टाकला की पापणी काही तास मिलिमीटरभर उचलली जाते. पण सासूबाईंचं दुखणं सैल कातडीचं असल्याने उपयोग नाही म्हणाले.

मृद्गंधाताई, भारतात विमा मिळो न मिळो, ही चिकटपट्टीची टेस्ट करून घ्या. शस्त्रक्रियेने नजरेत नेमका किती फरक पडणार ते आकड्यांत कळतं.

प्रसाद_सांगली

वडील ७१. दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलाय, अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चालू आहे. काचबिंदूचे थेंबही बरीच वर्षं आहेत. त्यांनाही पापण्यांचा असाच त्रास आहे. एकाने सांगितलं, आठवडाभर रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा आणि या. हे बरोबर आहे का?

दृष्टिक्षेप

प्रसादजी, हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका. पापणीसाठी हृदयाचा जीव धोक्यात घालायचा नाही. त्या डॉक्टरांनी स्वतः हृदयरोगतज्ज्ञांना पत्र लिहावं आणि लेखी उत्तर आल्यावर ठरवावं. गोळ्या थांबवणं सुरक्षित नसेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते, ती अडून बसत नाही.

याउलट ज्या गोष्टी लोक औषध समजतच नाहीत त्या थांबवायला विचारा: लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या गोळ्या, व्हिटॅमिन ई, गिंको. याही रक्तस्राव वाढवू शकतात. अंगदुखीवर मेडिकलमधून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही. बीपी ताब्यात हवं. तंबाखू-सिगारेट असेल तर जखम भरायला वेळ लागतो.

काचबिंदूच्या थेंबांचं नाव तपासून घ्या. लॅटॅनोप्रोस्ट, बिमॅटोप्रोस्ट या जातीचे थेंब वर्षानुवर्षं वापरले की डोळ्याभोवतीची चरबी आटते, डोळे खोल जातात, कातडी काळवंडते आणि पापणीही उतरू शकते. थेंब बदलता येतात का ते काचबिंदूच्या डॉक्टरांना विचारा, पण स्वतःहून बंद करू नका. त्याने नजर कायमची जाऊ शकते.

न्यायाधार (मुंबई)

वकिलीच्या बाजूने दोन गोष्टी.

सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात संमतीचा अर्थ स्पष्ट केला आहे. उपचाराचं स्वरूप, हेतू, पर्याय, मोठे धोके आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे सांगून घेतलेली संमतीच खरी. एका शस्त्रक्रियेला दिलेली संमती दुसरीला लागू होत नाही, जीव वाचवण्याची तातडी असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा वरच्या पापण्यांचा फॉर्म भरला असेल तर टेबलावर "खालच्याही करून टाकल्या" चालणार नाही. फॉर्म आदल्या दिवशी घरी मागा, वाचा. समजत नसेल तर मराठीत मागा.

दुसरं, हात कोणाचा हे पाहा. दवाखान्यात आणि चिठ्ठीवर डॉक्टरांनी नोंदणी क्रमांक दाखवणं बंधनकारक आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे त्या नावाने कोणती पदवी नोंदली आहे ते पडताळता येतं. "कॉस्मेटॉलॉजिस्ट" या पाटीवरून काहीच कळत नाही.

दृष्टिक्षेप

हे काम दोन वाटांनी आलेले डॉक्टर करतात: नेत्रतज्ज्ञ होऊन ऑक्युलोप्लास्टीची फेलोशिप केलेले, किंवा एमसीएच/डीएनबी या प्लास्टिक सर्जरीच्या पदव्या घेतलेले प्लास्टिक सर्जन. दोघेही उत्तम करू शकतात. ऑक्युलोप्लास्टिक्स असोसिएशन ऑफ इंडिया आणि असोसिएशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स ऑफ इंडिया या त्यांच्या संघटना. प्लास्टिक सर्जनकडे करत असाल तर डोळ्यांची तपासणी वेगळ्या नेत्रतज्ज्ञांकडून आधी करून घ्या. आणि डॉक्टरांना सरळ विचारा: तुमच्या रुग्णांत कोणते त्रास झाले आणि तुम्ही ते कसे निस्तरले? जो काम करतो त्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर असतं. "आमच्याकडे कधीच काही झालं नाही" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

मृद्गंधा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पुन्हा गेले, यादी लिहून. त्यांनी अर्धा तास दिला. टोसिस नाही. कातडी सैल आहे आणि भुवया थोड्या उतरल्या आहेत, पण भुवयांची वेगळी शस्त्रक्रिया लागणार नाही, कातडी मात्र बेताचीच काढू म्हणाले. चिकटपट्टी लावून फील्ड केली, वरच्या भागात खूपच फरक आला. शर्मरमध्ये मात्र उजव्या डोळ्याचा कागद ५ मिनिटांत ६ मिमी आणि डाव्याचा ७ मिमी भिजला. म्हणून आधी ड्रॉप्स, पापण्यांना गरम शेक, आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजणी. तोवर तारीख नाही. खालच्या पापण्यांना हात लावायचा नाही, यावर दोघांचंही एकमत.

अरुंधतीताई, तुमचा पहिला प्रश्न त्यांनीही मला विचारला: नक्की कशासाठी करायचंय? मी फील्डचा कागद दाखवला.

अरुंधती

मग जरूर करा ताई. दिसायला अडचण आहे हे मला आधी एवढं उमगलं नव्हतं. आणि झाल्यावर इथे कळवा.

शर्वरी_क

तीन महिने थांबताय हे फार बरं. गरम शेक नियमाने द्या.

वाशिष्ठी (चिपळूण)

वाचनखूण साठवली. एक विचारते. आईचं मुंबईला करायचं ठरतंय. डॉक्टर म्हणाले स्थानिक भूल देऊन दीड तासात मोकळं होईल, ॲडमिट नाही. आम्ही त्याच रात्रीच्या गाडीने चिपळूणला परत यायचा विचार करतोय. चालेल का? आणि घरी काय जपायचं? आई चुलीपाशी, फोडणीपाशी असतेच.

दृष्टिक्षेप

त्या रात्री गाडीत बसू नका. पापणीच्या शस्त्रक्रियेतला सगळ्यात मोठा धोका म्हणजे डोळ्यामागे रक्तस्राव होणं. सुमारे २,००० रुग्णांत एखाद्याला तो होतो आणि त्यातल्या फारच थोड्यांची नजर कायमची जाते. पण झाला तर बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांत होतो. खोबणीत रक्त साचून दाब वाढला की दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा तुटतो आणि तो दीड-दोन तासांत मोकळा करावा लागतो: टाके उघडून, गरज पडल्यास डोळ्याचा बाहेरचा कोपरा सैल करून. हे रत्नागिरीच्या अलीकडे धावत्या गाडीत होणार नाही. पहिली रात्र, जमल्यास दोन, रुग्णालयाच्या जवळ कोणा नातेवाइकाकडे काढा. रात्री केला तरी उचलला जाईल असा फोन नंबर डॉक्टरांकडून घेऊन ठेवा.

लक्षणं आईला आणि सोबत राहणाऱ्याला दोघांनाही सांगून ठेवा: एका डोळ्यात वाढत जाणारं जोराचं दुखणं, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं, पापणी दगडासारखी टणक होणं, दिसणं कमी होणं. थोडी सूज आणि काळंनिळं दोन्ही डोळ्यांना येणारच, त्याला घाबरायचं नाही. धोक्याची लक्षणं लगेच कळावीत म्हणूनच डोळ्यांवर पक्की पट्टी बांधून ठेवत नाहीत. दर थोड्या वेळाने एकेक डोळा झाकून समोरच्या कॅलेंडरवरची तारीख वाचायला सांगा.

पहिले दोन दिवस थंड शेक, स्वच्छ कापडातून, बर्फ थेट लावायचा नाही. उशा दोन. खाली वाकणं, बादली उचलणं, शौचाला जोर करणं टाळायचं, बद्धकोष्ठ असेल तर आधीच औषध घ्या. टाके साधारण ५ ते ७ दिवसांत निघतात, तोवर चूल आणि फोडणी दुसऱ्या कोणाकडे द्या. धूर आणि उडणारं तेल दोन्ही नको. काजळ, सुरमा दोन आठवडे बंद. डोळे चोळायचे नाहीत, झोपेतही हात जात असेल तर प्लास्टिकची ढाल लावून देतात ती मागून घ्या. टाके काढायला पुन्हा मुंबईला यावं लागेल, ते आताच धरून ठेवा. चिपळुणात कोणाकडून तरी काढून घेऊ, असं करू नका. त्या भेटीत डॉक्टरांना डोळा पूर्ण मिटतोय का आणि बुबुळ ओलं आहे का, हेही बघायचं असतं.